बाबांसाठी ९४ गाणी

पत्र:

ताई, नमस्कार. मी मिरजेचा, वय ६३, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो. घरात तीनशेच्या वर कॅसेटी आहेत, ख्याल, नाट्यपदं, अभंग, सी. रामचंद्रांची सिनेमाची गाणी, सगळं. एकुलती एक लेक जर्मनीत नोकरीला आहे, वय २९. रोज सकाळी साडेसहाला चहा झाला की मी तिला एक गाणं पाठवतो. तिकडून अंगठा येतो, कधी तोही नाही. दिवाळीत तिने माझ्यासाठी प्लेलिस्ट केली, नाव दिलं 'बाबांसाठी', त्यात ९४ गाणी, जॅझ, हिपहॉप, मेटल आणि काय काय. मोबाईलवर लावली. पहिलंच माइल्स डेव्हिस म्हणून कोणाचं तरी, 'सो व्हॉट', नऊ मिनिटांचं, सुरुवातीला तर काही ऐकूच येईना. चार ऐकली, पाचव्याला नुसती ढणढण सुरू झाली, बंद केलं. रविवारी कॉलवर ती म्हणाली, ऐकलंस का बाबा? मी म्हटलं हो, छान आहेत. म्हणाली, कुठलं आवडलं? मला एकही सांगता येईना. ती जरा गप्प झाली आणि मग म्हणाली आईला फोन दे. तेव्हापासून चैन नाही. तिची आई म्हणते, तिची गाणी तिला, तुमची तुम्हाला, कशाला ओढाताण. कॅसेटी सगळ्या पुढे तिलाच द्यायच्या होत्या, आता आवरायला काढल्यात. वसंतराव देशपांड्यांची एक सांगली आकाशवाणीवरून टेप केलेली होती, ती लेकीने चार वर्षांची असताना रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबून खराब केली, अर्धं पद गेलं आणि मधे तिचीच बडबड आहे. तसल्या टाकून देतोय. विचारायचं हे की आवडच जुळत नसेल तर हा नाद सोडून द्यावा का?

उत्तर:

काका, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या कॅसेटपाशी पोटात गोळा आला. ती टाकू नका. आत्ता उठा, ती ढिगातून बाजूला काढा, कपाटात उन्हापासून लांब ठेवा आणि मग पुढचं वाचा. तिच्याकडे आपण येणारच आहोत.

आधी तो रविवार. ९४ गाणी एका संध्याकाळी जमत नाहीत हो. एकेक घालायचं, काढायचं, हे बाबाला कर्कश होईल का, ह्यात शिव्या आहेत का, हे फार लांबलचक तर नाही ना, असं करत ती कितीतरी रात्री बसलेली असणार, आणि नाव काय दिलं तर 'बाबांसाठी'. मग तुम्ही 'छान आहेत' म्हणालात. तुम्हाला गाणी आवडली नसती तर ती हसली असती, वाद घातला असता. तुम्ही ऐकलीच नाहीत हे तिला कळलं आणि ते लागलं. तर पुढच्या रविवारी पहिलं वाक्य हे असू द्या, की अगं मी त्या दिवशी छान म्हटलं खरं पण मी चारच ऐकली होती आणि पाचवं मला झेपलं नाही. आणि लगेच दुसरं, ह्या ९४ मधलं एकच सांग, कुठून सुरू करू, आणि त्यातली कुठली जागा ऐकू?

हा जागेचा प्रश्न मी मुद्दाम सांगतेय. तुम्ही गाणं ऐकणारी माणसं, जागा म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, मैफलीत शेजारचा गुडघ्यावर हळूच थाप मारतो ती. मला स्वतःला दुसऱ्याचं गाणं आवडून घेणं जमलं ते एका जागेमुळेच.

मी सोलापूरची. घरात पहाटे अभंग, भीमसेन जोशी, झालंच तर रेडिओवर भावगीतं. लग्न होऊन गेले मडगावला. सासूबाईंच्या स्वैपाकघरात फळीवर एक टेपरेकॉर्डर होता, तेलाने चिकट झालेला, आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ लोर्ना. लोर्ना कोर्देरो, कोंकणी गाणी, मागे क्रिस पेरींचा बँड. मला तो आवाज खरंच सोसायचा नाही, डोकं उठायचं, मी भाजी चिरायला घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसायचे. सासूबाई काही बोलल्या नाहीत कधी. दीडेक वर्ष असंच. मग एकदा त्या विळीवर बांगडे साफ करत होत्या, मी समोर नारळ खवायला बसलेले त्यामुळे उठून जाता येईना, गाणं चालू, आणि एकदम त्यांनी हात थांबवला, खवल्यांनी चमकणारा तो ओला हात असा वर धरला आणि म्हणाल्या, 'आतां आयक.' आणि पुढच्याच क्षणी बँडची ती पितळी वाद्यं सगळी एकदम वर चढली आणि त्यांच्या वरून लोर्नाचा आवाज निघाला, जरासा खरखरीत, जणू भांडायला उभी राहिलेली बाई. मला तोवर हे दोन वेगळे आवाज ऐकूच आले नव्हते, सगळा मिळून एक गोंगाट ऐकू यायचा. त्या जागेपासून मला लोर्ना ऐकू यायला लागली. मग सासूबाईंनी सांगितलं की वीसेक वर्षं लोर्ना गायच्याच बंद झाल्या होत्या, तेवढी वर्षं ह्यांनी जुन्याच टेपा वाजवून काढल्या, आणि १९९५ ला त्या परत गायला आल्या तेव्हा नवीन कॅसेट आणायला स्वतः बाजारात गेल्या. आज सासूबाई नाहीत. लोर्ना मी अजून ऐकते, आणि अभंगही ऐकते.

त्यांनी मला गाणं दिलं नव्हतं काका, गाणं तर दीड वर्ष घरात वाजतच होतं. त्यांनी एक जागा दाखवली आणि ती येताना त्या शेजारी होत्या. तुम्ही रोज लिंक पाठवता आणि तिने ९४ एकदम पाठवली, दोघांनी ढीग दिला, आणि दोघंही जागेच्या वेळी शेजारी नव्हतात. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी जे सांगतेय ते सगळं ह्याच्याच तयारीचं.

आता तुमचं 'सुरुवातीला काही ऐकूच येईना'. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण त्यात तुमचा दोष नाही आणि गाण्याचाही नाही. त्या गाण्याची मुख्य धून डबल बास वाजवतो, म्हणजे उभं धरून वाजवायचं ते खर्जाचं मोठं तंतुवाद्य, पॉल चेंबर्स म्हणून वादक आहेत. डबल बासची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झची, मोबाईलचा तो टिचभर स्पीकर असले सूर जवळजवळ गाळूनच टाकतो. तंबोऱ्याचा खर्ज मोबाईलवर कधी भरून येतो का, तसंच. आता गंमत अशी की ह्या गाण्यात बास एक वाक्य म्हणतो आणि बाकीचे सगळे दोन सुरांत त्याला झील देतात, पोवाड्यात झीलकरी देतात ना अगदी तशी. तुम्हाला ऐकू आली नुसती झील. शाहीरच ऐकू आला नाही! म्हणून तुमचा कॅसेट डेक आणि त्याचे मोठे स्पीकर असतील तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक ऑक्स केबल आणा, मोबाईल डेकच्या मागच्या लाइन इनला जोडा, नाही जमलं तर कान झाकणारा साधा वायरचा हेडफोन घ्या. मोबाईलच्या उघड्या स्पीकरवर तिचं एकही गाणं परत ऐकू नका, आणि तिलाही सांगा की माझे ख्याल लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नको.

स्पीकर लागला की तेच गाणं परत लावा, बाकीची ९३ राहू देत. घरात पेटी असेल तर काफी थाट वाजवून घ्या एकदा, सा रे, कोमल गंधार, म प ध, कोमल निषाद. 'सो व्हॉट' ह्याच सुरांवर उभं आहे, तिकडे त्याला डोरियन म्हणतात. राग काफी नव्हे हां, त्यात रागाचं चलन नाही, नुसते सूर ते. आणि रचना कशी तर चार मात्रांचं एक आवर्तन धरा, तशी १६ आवर्तनं एका षड्जावर, मग ८ आवर्तनं सगळंच्या सगळं अर्धा सूर वर सरकतं, आणि मग ८ आवर्तनं परत मूळ षड्जावर. असा ३२ चा फेरा, आणि तोच फेरा धरून एकेक वादक आपली बढत करतो, आधी माइल्स डेव्हिस यांचं ट्रंपेट, मग जॉन कोल्ट्रेन यांचा सॅक्सोफोन. तुम्ही तबल्याचं आवर्तन मोजत गाणं ऐकणारे, तुम्हाला हे तिच्या मित्रमैत्रिणींपेक्षा लवकर सापडेल अशी माझी खात्री आहे. ही अख्खी रेकॉर्ड, 'काइंड ऑफ ब्लू', १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांत झाली, वादकांना आधी थोडक्यात आराखडा दिलेला, बाकी तिथल्या तिथे, म्हणजे आपल्या मैफलीसारखंच की. त्यातले कोल्ट्रेन पंडित रविशंकरांना एवढं मानायचे की पुढे मुलाचं नाव रवी ठेवलं.

तो षड्ज सरकतो ती जागा पकडायला चार दिवस लागू देत, आठ लागू देत. सापडली की लेकीला एवढाच मेसेज करा की षड्ज सरकतो तिथे कळलं मला. अंगठा येणार नाही, फोन येईल.

आणि जॅझ तुमच्या घरात नवीन नाही. तुमच्या त्या सी. रामचंद्रांच्या कॅसेटी काढा, १९५१ च्या 'अलबेला'ची असणारच. सी. रामचंद्र म्हणजे आपले अण्णा चितळकर, पुणतांब्याचा माणूस, आणि त्यांचे सहायक होते चिक चॉकलेट, गोव्यात हळदोण्याचे, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, मुंबईत ताजमध्ये बँड घेऊन वाजवायचे आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. ती गाणी परत लावा आणि ह्या वेळी लताबाईंना आणि अण्णांना सोडा, कडव्यांच्या मधे जे वाजतं त्याच्याकडे कान द्या. गोव्याची ती माणसं रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसायची. हे लेकीला माहीत नसेल. तिला 'अलबेला'तलं एक गाणं पाठवा आणि त्यातलं ट्रंपेट कोणाचं ते सांगा, तुमच्या तीनशे कॅसेटींतून तिच्या यादीकडे जाणारा सगळ्यात जवळचा रस्ता हा आहे. (मडगावात राहिल्यामुळे मला ह्याचं जरा जास्तच प्रेम आहे, ते समजून घ्या.)

हिपहॉपचं वेगळं आहे, तिथे तुम्ही एकट्याने ऐकून काही हाती लागणार नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास हे सुरू झालं, कूल हर्क नावाचा मूळचा जमैकाचा पोरगा एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन रेकॉर्डप्लेअरवर ठेवायचा आणि नाचणाऱ्यांना आवडणारा ड्रमचा तुकडा संपत आला की दुसरीवर परत तोच लावायचा, की तुकडा संपूच नये. त्याच्यावर मग बोलणं आलं, आणि पुढे सगळा जीव त्या बोलण्यातच गेला. म्हणजे शब्द आधी, सूर मागून. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' ज्याने शाहिराच्या तोंडून ऐकलीय त्याला हे परकं वाटायचं कारण नाही, फक्त भाषा आणि वेग आड येतो. तेव्हा लेकीला म्हणा एक गाणं निवड आणि कॉलवर मला ओळीओळीने वाचून अर्थ सांग. एक गाणं, अर्धा तास. तुम्ही तिला लहानपणी आर्या-अभंगांचा अर्थ सांगितला असेल, आता ती सांगेल.

मेटलची तुम्हाला जबरदस्ती नाही. साठीनंतर कानाचं एक होतं, उंच बारीक आवाज कमी ऐकू यायला लागतात आणि त्याच वेळी मोठा आवाज मात्र पटकन टोचतो, दोन्ही एकाच कानात. त्यामुळे तिला जे अंगावर शहारा आणतं ते तुम्हाला दुखू शकतं, खरोखर दुखू शकतं. हे तिला असंच सांगा, कानाचं म्हणून सांगा. 'ढणढण' हा शब्द फक्त वापरू नका. त्याऐवजी विचारा की हे तू कधी ऐकतेस? ऑफिसातून दमून येताना, की राग आला की, की पळायला जाताना? परक्या देशात एकटी राहणारी मुलगी कुठलं गाणं कुठल्या वेळी लावते हे कळलं म्हणजे गाणं न आवडताही पुष्कळ कळतं.

आता तुमच्या पाठवण्याकडे येऊ, कारण तिथे मला थोडं रागवायचंय.

सकाळी साडेसहा म्हणजे जर्मनीत उन्हाळ्यात पहाटेचे तीन आणि हिवाळ्यात दोन. तुम्ही इकडे उजाडलं म्हणून भैरव पाठवता आणि तो तिच्या उशाशी मध्यरात्री वाजतो! ती उठेपर्यंत त्याच्यावर ऑफिसचे, मैत्रिणींचे, सोसायटीच्या ग्रुपचे सतरा मेसेज चढलेले, ती ट्रेन पकडता पकडता अंगठा देते. तुम्ही रागाची वेळ पाळणारी माणसं, मग ऐकणाऱ्याचीही वेळ बघा की. तुमची रात्री ११ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात, ती घरी येते, कुकर लावते, तेव्हा तुमचं गाणं पोचू द्या. आणि ते संध्याकाळचं असू द्या, पूरिया, यमन, मारवा, काय हवं ते.

आणि रोज नको. आठवड्याला एक. गीतरामायण आठवा, तुमच्या आईवडिलांनी ऐकलेलं, १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि गदिमा-बाबूजींची ती ५६ गाणी पुरी व्हायला वर्षाहून थोडं जास्तच लागलं, कारण आठवड्याला एकच नवीन. लोक वह्या घेऊन उतरवून काढायचे आणि पुढचं येईपर्यंत तेच गुणगुणायचे. एवढी मोठी गाणी, पण कोणी ५६ ची लिंक एकदम नाही दिली. तेव्हा एक आठवडा तुमचं, एक आठवडा तिचं, असं लावून घ्या. ९४ आहेत तिची, म्हणजे जवळजवळ चार वर्षांची सोय झाली.

पहिल्यांदा काय पाठवायचं हेही सांगते. ५० मिनिटांचा विलंबित ख्याल नको. तो तुम्हाला कितीही प्रिय असला तरी ज्याने कान अजून लावला नाही त्याला पहिल्या दहा मिनिटांत काही घडतच नाहीये असं वाटतं, तुम्हाला 'सो व्हॉट'च्या सुरुवातीला वाटलं तसंच. मिरजेची पोरगी आहे ती. सतारमेकर गल्लीत टांगलेले भोपळे बघत मोठी झालेली, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात तुम्ही तिला कडेवर घेऊन गाणं ऐकायला नक्की बसला असाल. ज्यांच्या नावाने तिथे गाणं होतं त्या अब्दुल करीम खाँसाहेबांची एक जुनी तबकडी द्या, झिंझोटीतली ती ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन'. जेमतेम तीन मिनिटं. तेव्हाच्या ७८ च्या तबकडीवर तेवढंच मावायचं, म्हणून एकही सूर वाया घालवलेला नाही. आणि सोबत लिहा की हीच तबकडी गदगच्या एका ११ वर्षांच्या पोराने ऐकली आणि असं गाणं शिकायचं म्हणून घर सोडून पळाला, तो पोरगा म्हणजे भीमसेन जोशी.

ते झालं की एक अल्बम. आजकालची पोरं सुटी गाणी ऐकतात असं आपण म्हणतो, पण ज्याला गाण्याचा नाद आहे तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो, आणि तुमची लेक त्यातली दिसतेय. तिला १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' द्या. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा एक दिवस, सकाळी अहिरभैरव आणि मग दिवस कलत कलत रात्री पहाडी, सगळं एका गोष्टीत ओवलेलं. तिला सांगा, सुट्टीच्या दिवशी ऐक आणि फक्त गिटारचा पिच्छा धर, ती आपली मांडीवर आडवी ठेवून तारांवरून दांडी घसरवत वाजवलेली गिटार आहे, म्हणून तिच्यातून मींड निघते, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणारी. गिटार तिच्या ओळखीची, मींड तुमच्या.

पाठवताना 'अप्रतिम', 'जरूर ऐका', 'हे ऐकलं नाही तर काय ऐकलं' असलं काही लिहायचं नाही काका. त्याने ऐकणाऱ्यावर ओझं येतं, आवडलं नाही तर आपलंच चुकलं असं वाटतं. त्यापेक्षा दोन ओळी तुमच्या लिहा. हे पहिल्यांदा कुठे ऐकलं, कोण होतं सोबत, तेव्हा खिशात किती पैसे होते, कॅसेट कितीला घेतली. आणि एक जागा, मिनिट-सेकंदासकट, ४ मिनिटं १० सेकंदांवर तो निषाद ऐक, एवढं. आणि मग गप्प बसा. दुसऱ्या दिवशी 'ऐकलंस का?' विचारायचं नाही. रविवारच्या कॉलवर जमलं तर दोघांनी एकाच वेळी प्ले दाबून एकत्र ऐका, तुम्ही इकडे, ती तिकडे, बोलू नका काही, नुसता कॉल चालू ठेवा. सेकंद-दोन सेकंद पुढेमागे होईल, चालतं. तिच्या आईलाही बसवा. ओढाताण नको म्हणणारी माणसं बऱ्याचदा आपल्याला कोणी बोलवत नाही म्हणून तसं म्हणतात. त्यांचं आवडतं गाणं कुठलं ते तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आता ती कॅसेट.

कॅसेटच्या खिडकीतून आतली टेप बघा, कडेला पांढरी बुरशी दिसली तर डेकमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि दुसऱ्या कॅसेटींना पण लागेल, मग ती माहितगार माणसाकडेच न्यायची. बुरशी नसेल तर खालच्या उघड्या बाजूला मधोमध ती फेल्टची इवलीशी गादी जागेवर आहे ना बघा, ती पडली असेल तर आवाज मंद येतो. मग सर्वात आधी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टॅब मोडून टाका. तेव्हा त्या मोडल्या नव्हत्या म्हणूनच लाल बटण लागलं, आता परत लागायला नको. पेन्सिल घालून हाताने थोडी फिरवा, मोकळी आहे का बघा, इतकी वर्षं पडलेली टेप कधीकधी चिकटते. डेकचं हेड आणि तो रबरी रोलर कापसाच्या काडीला जरासं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे, एकदा पूर्ण मागे, आणि मगच प्ले. डेकच्या हेडफोनच्या भोकातून केबल लॅपटॉपला, दोन्ही बाजू सलग रेकॉर्ड करून घ्या. गावात कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर करून देणारा कोणी असेल तर त्याच्याकडे करा, पण समोर बसून करा, कॅसेट ठेवून येऊ नका. आणि तो म्हणेल खरखर काढून देतो, तर नको म्हणा, खरखर काढताना बारीक आवाजही जातात.

त्यातला तुकडा कापताना एक लक्षात ठेवा. वसंतराव जिथे तुटतात आणि तो खट आवाज येतो आणि ती सुरू होते, तिथून कापू नका. दोन मिनिटं आधीपासून घ्या, म्हणजे वसंतराव रंगात आलेले ऐकू येतील, आणि तिची सगळी बडबड होऊन परत पद सुरू होतं तिथपर्यंत राहू द्या. शनिवारी रात्री ११ ला पाठवा. वर एवढंच लिहा, 'वसंतरावांच्या मधे कोण आलंय बघ.'